वडिलांवर डिपोर्टेशनची टांगती तलवार: सोळा वर्षांच्या मुलीसाठी घरात, शाळेत आणि कागदोपत्री काय करावं?

निवळशंख
न्यू जर्सीतल्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबासाठी विचारते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वडील २००८ पासून इथे, एच-१बीवर. नोकरी गेली, ६० दिवसांच्या सवलतीत नव्या कंपनीने अर्ज केला, तो नामंजूर झाला आणि पाठोपाठ वडिलांच्या नावाने एनटीए आली, म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. धाकटा भाऊ ९ वर्षांचा. दोघांचा जन्म इथलाच.

वकील शोधणं चालू आहे. माझा प्रश्न मुलीबद्दल आहे. नोटिशीचं पाकीट तिनेच उघडलं. तेव्हापासून रात्री झोप नाही, फोनवर सतत याच बातम्या, शाळेला दांड्या. आईवडील म्हणतात, "तू अभ्यासाकडे बघ, बाकी आम्ही बघतो." तिला किती सांगावं? तिच्यावर काय सोपवावं, काय अजिबात सोपवू नये? आणि मुलांसाठी कोणते कागद आत्ताच करून ठेवावेत? "धीर धरा" सोडून नेमकं सांगा, कृपया.

मृद्गंध
आधी कोर्टाचं, कारण तिथे चुकलं तर बाकी सगळं फोल ठरतं.

एनटीएवर वरच्या कोपऱ्यात 'ए' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे लिहिलेला हवा. इमिग्रेशन कोर्टाच्या स्वयंचलित फोनवर (१-८००-८९८-७१८०) किंवा त्यांच्या साइटवर तो टाकला की पुढची तारीख कळते. दर आठवड्याला बघायची. तीस लाखांहून जास्त खटले तुंबलेले आहेत, तारखा पुढे जातात तशा अचानक अलीकडेही येतात, आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. घर बदललं तर ५ दिवसांत ईओआयआर-३३ फॉर्म कोर्टाला, आणि १० दिवसांत एआर-११ यूएससीआयएसला, म्हणजे व्हिसा-ग्रीन कार्डचे अर्ज बघणाऱ्या खात्याला. ही दोन वेगळी खाती आहेत. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही.

तारखेला गैरहजर राहिलं तर न्यायाधीश तिथल्या तिथे हद्दपारीचा हुकूम देतात आणि बहुतेक सवलतींची दारं पुढची दहा वर्षं बंद होतात. केस चांगली असली तरी नुसती तारीख चुकल्याने नुकसान होतं.

पानगळ
एक गोष्ट धाग्यात आली नाही. आई एच-४वर असणार. तो दर्जा वडिलांच्या एच-१बीवर उभा होता, म्हणजे तिचाही गेला. आज नोटीस वडिलांच्या नावाने आहे, उद्या तिच्या नावाने येऊ शकते. त्यामुळे "काही झालं तर आई आहेच" असं धरून मुलांचे कागद करू नका. तिसरं माणूस हवं, नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं.

शाळाबाई
मुलीबद्दल. पाकीट तिने उघडलंय, त्यामुळे सांगावं की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. तिने अर्धवट वाचलंय आणि उरलेलं ती फोनवरच्या व्हिडिओंतून भरून काढतेय. या वयाच्या मुलांना बातमीपेक्षा घरातली कुजबुज जास्त खाते.

आईवडिलांनी दोघांनी मिळून एकदा बसावं, अर्धा तास, फोन बाजूला ठेवून. चार गोष्टी सांगायच्या: काय झालंय, पुढची तारीख कधी आहे, त्या दिवशी साधारण काय होईल, आणि बाबांना धरून नेलं तर तिला आणि भावाला कोण न्यायला येईल. पहिली सुनावणी बहुतेक दहा-पंधरा मिनिटांची असते, त्यात निकाल नसतो. एवढं कळलं तरी मुलांचा श्वास जरा मोकळा होतो. "काही होणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. ते मोडलं तर पुढचं काहीच तिला खरं वाटणार नाही.

शाळेत एकाच माणसाला सांगा, गायडन्स कौन्सिलरला. फर्पा कायद्यानुसार मुलांच्या नोंदी पालकांच्या परवानगीशिवाय सहसा बाहेर देता येत नाहीत. तरी कौन्सिलरला हेही सांगा की हे कुठल्याही फायलीत लिहू नका. मागायचं काय? सुनावणीच्या दिवसाची गैरहजेरी माफ, त्या आठवड्यातल्या परीक्षांना मुदत, आणि वर्गात जीव घाबरला तर न विचारता उठून जाता येईल अशी एक खोली. डॉक्टरांनी चिंतेचं निदान केलं असेल तर हेच सगळं ५०४ प्लॅनमध्ये (आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलांना शाळेने द्यायच्या सवलतींचा आराखडा) लेखी मागता येतं.

गोदाकाठ
शाळाबाईंशी असहमत. शाळेत एकाला सांगितलं की चौघांना कळतं. आणि सोळा वर्षांच्या पोरीला तारखा, अटक, कोण न्यायला येईल हे सगळं ऐकवून तिच्या डोक्यावर ओझं कशाला? हे मोठ्यांनी वाहायचं असतं.

शाळाबाई
गोदाकाठ, ओझं आधीच तिच्या डोक्यावर आहे, फक्त त्याला आकार नाही. तिला ठरवायला काहीच देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. "आपण राहायचं की जायचं, तूच सांग" हे वाक्य तिच्यासमोर कोणीही उच्चारू नये.

आणखी एक, जे हमखास घडतं: मुलीचं इंग्रजी चांगलं म्हणून वकिलाशी बोलायला तिला बसवतात. बिलकुल नको. वडिलांचं उत्पन्न, जुन्या चुका, आईबाबांमधले वाद हे सगळं त्या खोलीत निघतं. कोर्टात दुभाषा मोफत मिळतो, मराठीचाही मागता येतो.

एडिसनकर
कागद. क्रमाने सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे.

दोन्ही मुलांचे अमेरिकन पासपोर्ट चालू आहेत का, आजच बघा. धाकटा १६ च्या आतला आहे, त्याच्या डीएस-११ अर्जाला आई आणि वडील दोघांनीही समक्ष यावं लागतं. एक जण येऊ शकत नसेल तर त्याने डीएस-३०५३ नोटरीसमोर सही करून द्यायचा, सोबत ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत. ही संमती ३ महिनेच चालते. वडील डिटेन्शनमध्ये गेले की नोटरी मिळवायला आठवडे जातात, तेवढ्यात आईलाही नेलं तर मुलगा अडकून पडतो. हे काम आत्ता एका सकाळी होण्यासारखं आहे. मुलगी १६ पूर्ण, तिच्या अर्जाला एका पालकाला माहीत आहे एवढं दिसलं तरी पुरतं, आणि तिचा पासपोर्ट १० वर्षांचा निघतो. १६ च्या आत काढलेला ५ वर्षांचाच असतो, म्हणून जुन्याची तारीख तपासा.

पासपोर्ट हातात आले की ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. आईवडिलांचे भारतीय पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचा जन्मदाखला, आणि दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच हवं. जन्मदाखल्यावर वडिलांचं मधलं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतात. ओसीआय काढलं म्हणजे जायचं ठरलं असं मुळीच नाही. पण नसेल तर ही मुलं भारतात व्हिसावर येणारे परदेशी ठरतात.

पालकत्वाचं त्यानंतर. न्यू जर्सीत आईवडील मुखत्यारपत्राने मुलांची देखभाल ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याकडे देऊ शकतात, आणि स्टँडबाय गार्डियनचाही (आईवडील सांभाळू शकले नाहीत तर जबाबदारी घेणारा, आधीच ठरवलेला पालक) कायदा आहे. पहिल्याला वकील आणि नोटरी पुरतात, दुसरा कोर्टातून पक्का होतो. शाळेच्या इमर्जन्सी कार्डवर त्या माणसाचं नाव आजच घाला. कार्डावर फक्त आईबाबा असतील तर धाकट्याला शाळेतून कोणीच नेऊ शकणार नाही.

ओसरी
कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: तिथे 'केअरगिव्हर्स ऑथोरायझेशन ॲफिडेव्हिट' नावाचा साधा फॉर्म असतो. मूल ज्या नातेवाइकाकडे राहतंय तो सही करतो, कोर्ट लागत नाही, शाळा आणि डॉक्टर दोन्हीकडे चालतो. प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा आहे, दुसऱ्या राज्याचा नेटवरून उतरवून भरू नका.

चौकट
मी जरा वेगळं बोलणार आहे. सगळे लढायचं धरून चाललेत. आधी दिवस मोजा.

अर्ज नामंजूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याची मोजणी सुरू झाली असं धरून चाला. आय-९४ ची (देशात आल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) तारीख आणि नामंजुरीचं पत्र दोन्ही वकिलापुढे ठेवा. १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलं तर ३ वर्षांची बंदी येऊ शकते, वर्ष उलटलं तर १० वर्षांची. त्याआधी रीतसर निघालं तर या दोन्ही बंद्या लागत नाहीत.

आणि दुसरा प्रश्न: जुन्या कंपनीने आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर करून घेतला होता का? असेल तर त्याची तारीख बहुतेक वेळा टिकते आणि माणूस पुण्यात बसून नव्या कंपनीकडून परत रांगेत त्याच जागी उभा राहू शकतो. २००८ पासून इथे असलेल्या माणसाचा आय-१४० असण्याची बरीच शक्यता आहे.

मात्र एनटीए आल्यावर नुसतं तिकीट काढून विमानात बसायचं नाही. खटला मागे चालू राहतो, गैरहजेरीत हुकूम होतो आणि तो पुढे अनेक वर्षं आडवा येतो. न्यायाधीशांकडून व्हॉलंटरी डिपार्चर, म्हणजे हद्दपारीच्या हुकमाऐवजी आपणहून निघून जायची परवानगी, घ्यायची. सुरुवातीलाच मागितलं तर १२० दिवसांपर्यंत मिळतं, खटल्याच्या शेवटी मागितलं तर ६०. मिळालेल्या तारखेच्या आत निघालंच पाहिजे, नाहीतर दंड आणि दहा वर्षं बहुतेक सवलती बंद.

मृद्गंध
चौकट, दिवस मोजायचं बरोबर आहे, पण दुसरं पारडंही बघा. या वडिलांना इथे १० वर्षांहून जास्त झालीत आणि दोन नागरिक मुलं आहेत, म्हणजे 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल'चा, हद्दपारी रद्द करून घ्यायचा अर्ज, फॉर्म ४२बी, विचारात घेण्यासारखा आहे. मिळालं तर थेट ग्रीन कार्ड. वर्षाला देशभरात ४,००० चीच मर्यादा आहे आणि कसोटी अवघड: नागरिक मुलांना होणारा त्रास 'असाधारण आणि अत्यंत वेगळा' असावा लागतो. २००१ च्या मोनरियल निकालापासून हीच पट्टी आहे. कुटुंब तुटण्याचं दुःख, भारतात पगार कमी, हे 'नेहमीचं' धरलं जातं. वडिलांचा स्वतःचा त्रास तर मोजतच नाहीत.

एच-१बीवाल्यांची विकेट जाते ती भारतवाऱ्यांवर. त्या १० वर्षांत एका खेपेला ९० दिवसांपेक्षा जास्त किंवा सगळ्या मिळून १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असाल तर सलगता तुटते. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे गावी गेलेल्या घराचं गणित सातव्या वर्षीच संपतं. सगळे जुने पासपोर्ट काढा, शिक्के मांडा, सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं खातं) आय-९४ साइटवरचा प्रवासाचा इतिहास ताडून बघा. वकिलाच्या पहिल्या भेटीला हा तक्ता घेऊनच जा.

मुलगी २१ ची झाली की स्वतः वडिलांसाठी अर्ज करू शकते, आणि वडील व्हिसावर रीतसर आत आलेले असल्याने देश न सोडता ग्रीन कार्डची वाट उघडते. त्याला अजून पाच वर्षं आहेत. पण हे तिच्यासमोर "तू मोठी झालीस की आम्हाला वाचवशील" अशा शब्दांत कधीही मांडू नका.

गोदाकाठ
हे शेवटचं वाक्य पटलं. मग ४२बीमध्ये मुलीने न्यायाधीशांना पत्र लिहायचं असतं ना? ते तरी तिच्याकडून घ्यावं का?

मृद्गंध
तिची तयारी असेल तरच. आणि "माझे बाबा खूप चांगले आहेत, त्यांना पाठवू नका" असं पत्र उपयोगी पडत नाही. न्यायाधीशांना रोजचा दिवस दिसायला हवा: सकाळी भावाला बसपर्यंत कोण सोडतं, त्याचा दमा असेल तर रात्री नेब्युलायझर कोण लावतं, घराचा विमा कोणाच्या नोकरीतून होता, नोटीस आल्यापासून तिचे मार्क कुठून कुठे आले, ती कोणाकडे उपचार घेते. एक-दोन पानं, तिच्याच शब्दांत, शेवटी खोटं सांगितल्यास शिक्षा होऊ शकते हे मान्य असल्याचं वाक्य, सही, तारीख. वकिलाने तिच्या तोंडी मोठे शब्द घातले तर उलटतपासणीत ते उघडे पडतात.

पत्राला जोड म्हणून शाळेची प्रगतिपत्रकं, हजेरी, डॉक्टरांच्या नोंदी, परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचा अहवाल. एका भेटीत लिहिलेला अहवाल न्यायाधीश फारसा धरत नाहीत, म्हणून उपचार आत्ताच सुरू व्हावेत. अहवालासाठी नव्हे, तिला गरज आहे म्हणून. कागद अंतिम सुनावणीच्या साधारण ३० दिवस आधी कोर्टात जायला हवेत, न्यायाधीशांनी वेगळी तारीख दिली असेल तर ती पाळायची.

मोगरा
मुलगी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकली असेल तर? "हिला मराठी येतं, भारतात जमवून घेईल" असं सरकारी वकील म्हणणार नाही का?

चौकट
म्हणू शकतो. लपवायचं नाही, लपवलेलं सापडलं तर बाकीच्या साक्षीचंही वजन जातं. आजीशी बोलण्याइतकं मराठी येणं आणि अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र तिथल्या पद्धतीने देणं यातला फरक दाखवायचा. पण प्रामाणिकपणे सांगतो, महाराष्ट्रात इंग्रजी माध्यम सगळीकडे आहे, भाषेचा मुद्दा एकटा उभा राहणार नाही. भावाची तब्येत, तिचे उपचार, दोघांची मिळून परिस्थिती यावर भर द्या.

पानगळ
गाडी! वडिलांचं लायसन्स आय-९४ बरोबर संपलं असेल. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे आपणहून पोलिसांसमोर जाणं. न्यू जर्सीत २०२१ पासून इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी स्टँडर्ड लायसन्स मिळतं. ते काढा, नाहीतर तोवर गाडी दुसऱ्याने चालवा.

दाराबद्दल मुलांना एवढंच शिकवा: दार उघडायचं नाही, बाहेरून कोणीही कितीही गोड बोललं तरी. "मोठ्यांना विचारते" एवढंच आतून म्हणायचं. कागद खिडकीतून किंवा दाराखालून दाखवायला सांगणं, त्यावर न्यायाधीशाची सही आहे की आइसच्याच (इमिग्रेशनवाल्यांची धरपकड करणारं खातं) अधिकाऱ्याची, हे बघणं मोठ्यांचं काम. अधिकाऱ्याच्या सहीच्या कागदाने घरात शिरायचा हक्क मिळत नाही. जबरदस्तीने आत आले तर आडवं पडायचं नाही, पळायचं नाही, धक्काबुक्की तर नाहीच.

एडिसनकर
वडिलांना ताब्यात घेतलं तर पहिल्या दिवसाचं काम: आइसच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर 'ए' क्रमांक आणि जन्मदेश टाकून शोधा. नाव लगेच दिसतंच असं नाही, थोड्या थोड्या वेळाने परत बघा. न्यूअर्कच्या डिलेनी हॉलमध्ये किंवा एलिझाबेथला ठेवतात, तिथून लुईझियाना-टेक्ससला हलवतात, म्हणून वकिलाला त्याच दिवशी कळवणं महत्त्वाचं. न्यू यॉर्कच्या भारतीय वकिलातीला कळवायची मागणी वडिलांनी स्वतः करायची, १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क आहे. उत्पन्न कमी असेल तर डिटेन्शनमधल्या लोकांसाठी राज्याच्या पैशातून वकील मिळू शकतो, लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करा.

ते व्हिसावर आलेले आहेत, त्यामुळे जामिनाची सुनावणी मागायला हवी. सप्टेंबर २०२५ च्या इमिग्रेशन अपील बोर्डाच्या निकालाने जामीन अडला तो तपासणीशिवाय सीमा ओलांडलेल्यांचा. कायद्यात किमान १,५०० डॉलर आहेत, प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात, आणि भरणारा कायदेशीर दर्जाचा सज्ञान माणूस हवा. भेटायला आईने जाऊ नये, तिचाही दर्जा गेलाय. मुलांना नागरिक असलेल्या मोठ्या माणसाने न्यावं.

वाटसरू_नाशिक
इकडून वाचतोय. आपल्या मराठी लोकांचं असं होतं याची कल्पनाच नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला लष्करी विमान उतरलं, बेड्या घातलेले लोक, तेच ना हे?

चौकट
त्या ५ फेब्रुवारीच्या विमानात १०४ भारतीय होते, त्यातले तिघे महाराष्ट्रातले. पण ती माणसं बहुतेक सीमा ओलांडून गेलेली होती. इथली गोष्ट वेगळी आहे. व्हॉलंटरी डिपार्चर घेतलेला माणूस सहसा स्वतःच्या तिकिटाने, साध्या विमानाने येतो. त्या मुलीने ते व्हिडिओ शंभरदा पाहिले असतील. हा फरक तिला कोणीतरी समजावून सांगायला हवा.

शाळाबाई
हो, हे फार महत्त्वाचं आहे. निवळशंख, हे तिला नक्की सांगा.

कंदील
आईवडील गेले आणि मुलगी बारावी इथेच करणार असेल तर: न्यू जर्सीत 'ॲफिडेव्हिट स्टुडंट' म्हणून तरतूद आहे. ज्यांच्याकडे ती राहणार त्यांनी शपथेवर लिहून द्यायचं की आम्ही हिला मोबदला न घेता सांभाळतो, आणि आईवडिलांनी आपण का सांभाळू शकत नाही ते लिहायचं. तेव्हा त्या डिस्ट्रिक्टची शाळा फी न घेता ठेवते. घरभाडं किंवा खानावळीसारखे पैसे घेतल्याचं दिसलं तर अर्ज फेटाळतात.

कॉलेजसाठी दोन गोष्टी. तिने न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये किमान ३ वर्षं काढून तिथूनच पदवी घेतली तर २०१३ च्या कायद्याने राज्यातली फी लागते, आईवडील कुठेही असोत. आणि फॅफ्सा, म्हणजे कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज: आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी नागरिक मुलगी मदतीला पात्र असते. पण अर्जात पालकांची माहिती जाते, म्हणून भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कोर्टाने १८ च्या आत लीगल गार्डियन नेमला असेल तर ती स्वतंत्र विद्यार्थिनी धरली जाते आणि पालकांची माहिती लागतच नाही. नोटरीच्या मुखत्यारपत्राने हे होत नाही. एडिसनकरांनी दोन मार्ग सांगितले, त्यांतला कोर्टाचा महाग आणि हळू असला तरी या एका कारणासाठी करण्यासारखा आहे.

वाटसरू_नाशिक
इकडे यायचं ठरलं तर बारावी तिथे पूर्ण करूनच या. मध्येच अकरावीत प्रवेश म्हणजे बोर्ड बदल, विषयांची जुळवाजुळव. तिथलं डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट घेतलं की असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता मिळते. विज्ञान घ्यायचं असेल तर भौतिक, रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्र तिथे बारावीपर्यंत घेतलेलं असू द्या. मार्च २०२१ नंतर ओसीआय काढलेल्यांना नीट-जेईईत एनआरआय किंवा खास जादा जागांवरच प्रवेश आहे, फी त्याच हिशोबाने धरा.

निवळशंख
सगळ्यांचे मनापासून आभार. पासपोर्ट आणि शिक्क्यांचा तक्ता दोन्ही या शनिवारी करायला बसवते त्यांना. मूळ प्रश्नाचा एक भाग मात्र राहिला. ती विचारते, "मी काय करू?" काहीतरी काम दिलं तर बरं वाटेल तिला. कुठलं द्यावं?

शाळाबाई
सुरुवात, शेवट असलेलं आणि चुकलं तरी खटल्यावर परिणाम न होणारं काम द्या.

वकिलाचा, ठरलेल्या पालकाचा आणि मावशी-काकांपैकी एकाचा नंबर तोंडपाठ करायचा, भावालाही करून घ्यायचा. फोन जप्त होतो किंवा बंद पडतो, तेव्हा पाठ असलेलंच कामी येतं. दोघांच्या शाळेच्या कागदांची एक फाइल तिने लावायची. भावाच्या औषधांची यादी, मात्रा आणि फार्मसीचं नाव एका कागदावर. एवढं पुरे. तारीख बघणं, पैसे, वकील, बातम्या यातलं काही नाही. तारीख आई बघेल आणि रविवारी जेवताना एकदाच सांगेल, मधल्या सहा दिवसांत हा विषय तिच्यासमोर निघणार नाही असं ठरवा. सोशल मीडियावर बाबांचं नाव, फोटो, कोर्टाची तारीख टाकायची नाही. मैत्रिणींनी चांगल्या भावनेने निधीसंकलनाचं पान उघडलं तरी आधी वकिलाला विचारायचं.

नाटक, वादविवाद, पोहणं, जे काही ती करत होती ते सोडू देऊ नका.

झोप दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, जेवण सुटलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे आत्ताच न्या. "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली तर वाट बघायची नाही, ९८८ ला फोन, दिवसरात्र चालू असतो. बोलणं जमत नसेल तर ७४१७४१ वर 'होम' हा शब्द इंग्रजीत मेसेज करायचा. हे दोन्ही आकडे तिच्या फोनमध्ये ती हसतखेळत असतानाच घालून द्या.

गोदाकाठ
शाळेतल्या कौन्सिलरबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. फक्त जाताना आईबाबांपैकी एकाने सोबत जावं, तिला एकटीला सांगायला लावू नये.

शाळाबाई
हो. अपॉइंटमेंट आईने घ्यावी, पहिली पाच मिनिटं आईने बोलावं, मग मुलीला कौन्सिलरशी एकटं बोलू द्यावं.